मधे वेग सपाट, तरी घर्षण जास्त? टर्ब्युलंट प्रवाहातला शिअर स्ट्रेस कुणीतरी उलगडून सांगा

पाचट

नमस्कार मंडळी. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकलला आलोय. घरी वारणाकाठी ऊस आहे, त्यामुळे प्रश्न निम्मा परीक्षेचा आणि निम्मा शेतावरचा आहे. लांबलाय, सांभाळून घ्या.

आधी शेतावरचा. विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत आमची ३०० मीटर पीव्हीसी लाइन आहे, ७५ एमएमची, आतून साधारण ७०. चढ १२ मीटर. ३ एचपीची मोटार होती. ती दोनदा रिवाइंडिंग करून शेवटी जळालीच, तेव्हा आबा म्हणाले, आता पाचाचीच बसवू, दीडपट तरी पाणी येईल. बसवली. सबमिशनसाठी मी जुन्या मोटारीला २०० लिटरचं बॅरल लावून वेळ घेतलेली होती, नव्या मोटारीला परत घेतली. आधी ३३ सेकंद लागायचे, आता २७ लागतात. म्हणजे सेकंदाला ६ लिटर होतं ते साडेसात झालं. एवढंच. आबा माझ्याकडे असं बघतात की जणू पाइपात मीच आडवा झोपलोय.

आता परीक्षेचा. पुस्तकात शिअर स्ट्रेसचं (पाण्याचे थर एकमेकांना घासतात तो दर क्षेत्रफळामागचा जोर) सूत्र आहे: टाउ = म्यू (व्हिस्कॉसिटी, म्हणजे पाण्याचा चिकटपणा) गुणिले वेगाचा उतार. म्हणजे भिंतीपासून आत जाताना वेग जेवढा झपाट्यानं वाढतो तेवढा शिअर जास्त. पुढच्याच पानावर दोन आकृत्या आहेत. लॅमिनारमध्ये (थराथरानं शिस्तीत चालणारा प्रवाह) वेगाचा आलेख पॅराबोला, टर्ब्युलंटमध्ये (घुसळत चालणारा) मधे जवळजवळ सपाट. सपाट म्हणजे उतार कमी. उतार कमी म्हणजे शिअर कमी. मग टर्ब्युलंटमध्ये घर्षण जास्त कसं? वर्गात विचारलं तर उत्तर आलं, "कारण तो टर्ब्युलंट आहे." मागच्या बाकावरची पोरं हसली, मी खाली बसलो.

सूत्र टर्ब्युलंटला लागू नाही का? लागू नसेल तर मग काय लागू आहे?

सरळरेषा

सोपं आहे. लॅमिनारमध्ये थर एकमेकांवर घासतात. टर्ब्युलंटमध्ये पाणी पाइपच्या आतल्या खडबडीत पृष्ठभागावर आदळतं, म्हणून घर्षण वाढतं. जुनी लाइन असेल तर आतून खरखरीत झाली असणार. नवीन गुळगुळीत पाइप टाका, फरक पडेल.

हायड्रॉलिक्सचे मामा

तेहेतीस वर्षं एका तंत्रनिकेतनाच्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये काढली. प्राध्यापक नव्हे, लॅब असिस्टंट. पोरं मामा म्हणायची, इथंही तेच नाव घेतलंय. पाचट, वयानं लहान दिसतोस म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

सरळरेषा, तुमचं म्हणणं गंजक्या लोखंडी पाइपाला चालेल, याच्या पीव्हीसीला नाही. कारण पुढं येतं.

पाचट, तुझा प्रश्न बरोबर आहे, फक्त तू तो उलट्या टोकानं धरलायस. सूत्र बाजूला ठेव आणि कागद घे. पाइपाच्या बरोबर मधोमध पाण्याचाच एक दंडगोल कल्प, पाइपाइतका लांब, त्रिज्या तुला हवी ती. मागून दाब ढकलतोय, पुढून थोडा कमी दाब अडवतोय. हा दंडगोल वेग वाढवत नाही, एकसारखा चाललाय. मग त्या ढकलण्याला कोण तोलतंय? त्याच्या बाजूच्या कातडीवरचा शिअर. दाबातला फरक गुणिले तोंडाचं क्षेत्रफळ बरोबर शिअर गुणिले बाजूचं क्षेत्रफळ. सोडव. शिअर = दाबफरक गुणिले त्रिज्या, भागिले लांबीची दुप्पट.

या हिशोबात म्यू कुठं आला? आला नाही. लॅमिनार की टर्ब्युलंट हे विचारावं लागलं? लागलं नाही. केंद्रात शिअर शून्य, भिंतीपाशी सगळ्यात जास्त, मधे सरळ रेषेत वाढत जातो. दोन्ही प्रवाहांत. व्हायवाला हे विचारलं की दहातली आठ पोरं टर्ब्युलंटसाठी काहीतरी वाकडीतिकडी रेघ काढायची. रेघ सरळच आहे.

म्हणजे फरक शिअर किती यात नसून तो शिअर वाहून नेतंय कोण यात आहे. लॅमिनारमध्ये एकटी व्हिस्कॉसिटी. टर्ब्युलंटमध्ये दोघं आहेत, आणि तुझ्या पाइपात मधल्या भागात व्हिस्कॉसिटी जवळजवळ रजेवर असते.

तुझेच आकडे घेऊन करतो, २० अंशांचं पाणी धरून. सेकंदाला ६ लिटर, ७० मिमी व्यास, म्हणजे सरासरी वेग १.५६ मीटर. रेनॉल्ड्स नंबर, म्हणजे प्रवाह लॅमिनार की टर्ब्युलंट हे ठरवणारा आकडा, एक लाख नऊ हजार. लॅमिनारची हद्द २,३०० च्या आसपास, तेव्हा हा हाडाचा टर्ब्युलंट आहे. (हीच लाइन लॅमिनार चालवायची असती तर तुझं बॅरल भरायला २६ मिनिटं लागली असती. आबांना सांगू नकोस.) गुळगुळीत पाइपासाठी ब्लासियसचं सूत्र लावलं तर घर्षण गुणांक ०.०१७४, ३०० मीटरवर घर्षणात जाणारा हेड (पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब) ९.२ मीटर, आणि भिंतीवरचा शिअर ५.३ पास्कल.

आता समज, जादूनं हाच वेग लॅमिनार राहिला असता. भिंतीवरचा शिअर ०.१८ पास्कल आला असता आणि हेड गेला असता जेमतेम ३१ सेंटीमीटर. तीसपट फरक. पाणी तेच, पाइप तोच, वेग तोच.

हा तीसपट कुठून आला? तुझी आकृती परत बघ, पण मध्यावर नको, अगदी कडेला बघ. मधे सपाट आहे ना? मग भिंतीपाशी वेग शून्य आणि मधे १.९ मीटर, ही सगळी चढण कुठंतरी चढावी लागणारच. ती भिंतीलगत चढली जाते. तुझ्या पाइपात भिंतीला चिकटून पाण्याचा एक थर आहे, जाडी ०.०७ मिलिमीटर. डोक्यावरचा एक केस उपटून बघ, साधारण तेवढी. त्या केसाच्या जाडीत वेग शून्यावरून सेकंदाला ३५ सेंटीमीटरच्या आसपास पोचतो. लॅमिनार असता तर तेवढ्याच अंतरात सव्वा सेंटीमीटरला पोचला असता.

तिथं, त्या केसाच्या जाडीत, तुझं पुस्तकातलं सूत्र शब्दशः लागू आहे. म्यू गुणिले उतार केलंस तर ५.३ पास्कलच येतात. पुस्तकाची आकृती चूक नाही, फक्त केसाएवढी गोष्ट छापता येत नाही.

आणि याच केसाखाली पीव्हीसीचा खडबडीतपणा झाकला जातो. नव्या पीव्हीसीचा खडबडीतपणा ०.००१५ मिमी धरतात, म्हणजे त्या थराच्या चाळिसाव्या हिश्श्याहून कमी. पाण्याला तो दिसतच नाही. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा ०.१५ मिमी धरतात, तो थराच्या दुप्पट उंच, डोकं वर काढतो. सरळरेषा, तुमची गोष्ट तिथं खरी. निकुराडझे नावाच्या माणसानं १९३३ साली पाइपांना आतून चाळलेली वाळू चिकटवून हेच मोजलं. लॅमिनारमध्ये मात्र सगळे पाइप, बारीक वाळूचे काय नि जाड वाळूचे काय, एकाच रेघेवर आले.

राहिला मधला भाग. भिंत आणि केंद्र यांच्या बरोबर मध्यावर थांब. वरच्या सरळ रेषेप्रमाणे तिथं शिअर निम्मा, २.६५ पास्कल. तिथला वेगाचा उतार काढून म्यूनं गुणलं तर येतात ०.०१ पास्कल. उरलेले २.६४ कोण वाहतंय? हा तुझा खरा प्रश्न.

हे मला सूत्रातून समजलं नाही, नळीतून समजलं. आमच्याकडे रेनॉल्ड्सचा प्रयोग होता: टाकी, तिच्यात २५ मिमीची काचेची नळी, तोंडाशी सुईतून पोटॅशियम परमँगनेटचं पाणी. सकाळी पहिल्या बॅचला दाखवायचं तर मी आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवायचो. रात्रभर पाणी निवलं पाहिजे, तेही निवांतपणाच्या अर्थानं. मग व्हॉल्व्ह अर्धा आटा उघडला की नळीभर एक जांभळा दोरा, ताणून बांधल्यासारखा. लिटरचं मोजपात्र २२ सेकंदांत भरायला लागलं की दोरा लचकायचा. आणखी थोडं उघडलं की मधेच एक गोळा फुटायचा, वाहून जायचा, मागं दोरा पुन्हा सरळ. आणि मग एकदम सगळी नळी फिकट जांभळी. दोरा तुटत नाही, तो आडवा पसरतो. काठाचं पाणी मधे जातं आणि मधलं काठाला.

शेजारी वर्कशॉप. तिथं कुणी लेथ सुरू केला की माझा दोरा आधीच फुटायचा. पोरं रीडिंग घ्यायची तेव्हा मी जाऊन तिकडच्या इन्स्ट्रक्टरला दहा मिनिटं चहा पाजायचो. पुढं वाचनात आलं की रेनॉल्ड्सचं मूळ यंत्र मँचेस्टरच्या विद्यापीठात अजून आहे आणि १८८३ मध्ये त्याला जेवढ्या वरच्या आकड्यापर्यंत, तेरा हजारांच्या आसपास, दोरा सरळ ठेवता आला तेवढा आता ठेवता येत नाही, कारण बाहेर गाड्यांची वर्दळ. मला फार बरं वाटलं ते वाचून.

आता दिंडी डोळ्यांपुढं आण. चाररांगी, शिस्तीत. मधल्या रांगा पुढं पुढं, काठाची रांग सावकाश. प्रत्येकजण आपापल्या रांगेत असेल तर काठाचा संथपणा मधल्याला कळतो तो फक्त खांद्याला खांदा घासून. हा लॅमिनार. आता रांगा मोडल्या. काठाचा एक म्हातारबुवा घुसला मधे, मागच्या सगळ्यांना पाय आखडावा लागला. मधला एक तरणा गडी पाण्यासाठी काठाला धावला, तिथल्यांना धक्का देत गेला. दोघांनी आपला वेग बरोबर नेला आणि परक्या जागी ओतला. आता खांदे घासायची गरजच उरली नाही, संथपणा माणसांबरोबरच आत-बाहेर करतोय. या अदलाबदलीमुळंच मधल्या सगळ्यांचा वेग सारखा होतो, म्हणजे सपाट, आणि याच अदलाबदलीमुळं काठाचा अडथळा थेट मध्यापर्यंत पोचतो. सपाट आलेख आणि जास्त घर्षण ही एकाच गोष्टीची दोन तोंडं आहेत.

हे सूत्रात १८९५ साली रेनॉल्ड्सनंच बसवलं. प्रवाहाच्या दिशेनं वेग सरासरीपेक्षा किती कमीजास्त, आणि आडव्या दिशेनं किती कमीजास्त, या दोन चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी, गुणिले घनता, आणि पुढं वजाचं चिन्ह. त्याला रेनॉल्ड्स स्ट्रेस म्हणतात. तुझे २.६४ पास्कल ते. तेव्हा तुझं सूत्र खोटं नाही, टर्ब्युलंटमध्ये ते अर्धवट आहे. पूर्ण शिअर म्हणजे म्यू गुणिले सरासरी वेगाचा उतार, अधिक रेनॉल्ड्स स्ट्रेस. भिंतीपाशी दुसरं पद शून्य, कारण भिंतीतून आडवं कुणी जाऊ शकत नाही. मधे पहिलं पद नगण्य.

पाचट

मामा, तुमची पोस्ट दोनदा वाचली, मग वहीत दंडगोल काढून स्वतः सोडवलं. सरळ रेघ आली! इतकं सोपं होतं तर पुस्तकात लॅमिनारच्या धड्यात का कोंबून ठेवलंय?

दोन शंका. एक, पुस्तकात पुढं एडी व्हिस्कॉसिटी म्हणून काहीतरी आहे, ते याच २.६४ चं दुसरं नाव का? दोन, मग लॅमिनार म्हणजे शिअर कमी, टर्ब्युलंट म्हणजे जास्त, हे पाठ करून टाकू ना?

हायड्रॉलिक्सचे मामा

दुसरं मुळीच पाठ करू नकोस. तुमच्या भागात गुऱ्हाळं आहेत. काहिलीतून काकवी काढतात ती कधी नळीतून जाताना बघितलीस? गार झालेल्या काकवीची व्हिस्कॉसिटी समज ५ पास्कल-सेकंद धरली, पाण्याच्या पाच हजारपट. ५० मिमीच्या पाइपातून सेकंदाला १० सेंटीमीटरनं चालवली. रेनॉल्ड्स नंबर दीडसुद्धा येत नाही. याहून लॅमिनार काय असणार? आणि भिंतीवरचा शिअर? ८० पास्कल. तुझ्या धो धो वाहणाऱ्या पाण्याच्या पंधरापट, तेही पंधरावा हिस्सा वेगानं. म्हणून तर ती गरम असतानाच ओततात.

लॅमिनार-टर्ब्युलंटची तुलना करायची तर पातळ पदार्थ तोच, पाइप तोच, वेग तोच, असं म्हणूनच करायची. नाहीतर शब्दांना अर्थ राहत नाही. पाठ करायचंच असेल तर हे कर: लॅमिनारमध्ये वेग दुप्पट केला की घर्षण दुप्पट. गुळगुळीत पाइपात टर्ब्युलंटला साधारण ३.४ पट. खरखरीत पाइपात पूर्ण चौपट.

एडी व्हिस्कॉसिटीची कल्पना बुसिनेस्कची, १८७७ सालची. त्यानं असं धरलं की ही जी अदलाबदल चाललीय ती जणू एक जादा व्हिस्कॉसिटीच आहे. तुझ्या पाइपात अर्ध्या अंतरावर ती पाण्याच्या खऱ्या व्हिस्कॉसिटीच्या अडीचशेपटीहून जास्त भरते. सोय म्हणून उत्तम, पण नाव फसवं आहे. खरी व्हिस्कॉसिटी पाण्याची असते, बाटलीत भरून नेता येते. ही प्रवाहाची आहे. मोटार बंद केलीस की गेली. आणि पाइपातही जागोजागी वेगळी. प्रांटलनं १९२५ मध्ये ती मोजायला मिक्सिंग लेंग्थ काढली, पाण्याचा गोळा आपला वेग न विसरता आडवा किती जातो ते अंतर. परीक्षेला ते येतं, करून ठेव.

आणि पुस्तकाचं विचारलंस तर पुस्तकं ज्या क्रमानं गोष्टी सापडल्या त्या क्रमानं लिहितात. लॅमिनारवाले हागेन १८३९ आणि प्वाझय १८४०, मग रेनॉल्ड्स. म्हणून दंडगोल लॅमिनारच्या वाट्याला आला.

पाटकरीण

मामा, दिंडी फार आवडली. मी कालव्यांवर काम करते, म्हणून दोन शब्द.

पाचट, तुझ्या पाइपात ढकलणारा दाब आहे. कालव्यात तो नसतो, पाण्याचं स्वतःचं वजनच उतारावरून ओढत असतं. पण मामांचा दंडगोलाचा हिशोब तिथंही तसाच चालतो. तळावरचा शिअर = पाण्याचं विशिष्ट वजन गुणिले हायड्रॉलिक त्रिज्या (पाण्याचं छेदक्षेत्र भागिले ओल्या काठाची लांबी) गुणिले उतार. हायड्रॉलिक त्रिज्या १ मीटर आणि उतार ५,००० मीटरला १ मीटर असेल तर साधारण २ पास्कल. फ्रान्समध्ये ड्युबॉयनं १८७९ ला हे गाळाच्या संदर्भात मांडलं होतं. आम्हाला या आकड्याची फार काळजी, कारण तो कमी पडला की गाळ बसतो, आणि बिनअस्तराच्या कालव्यात जास्त झाला की तळच उकरला जातो. २ पास्कलला दोन-अडीच मिलिमीटरचे खडे हलायला लागतात. एक मिलिमीटरच्या वाळूला तर अर्धा पास्कल पुरतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका चारीवर पाणी खूप निवळ होतं, गुडघाभर. मी काठावर बसून तळाकडे बघत होते. मला वाटलं होतं वाळू सलग सरकत असेल, चाळणीवरून रवा सरकतो तशी. तसं नव्हतं. बराच वेळ काहीच हलायचं नाही. मग वितभर जागेतले दहा-बारा कण एकदम उचलले जायचे, दोन बोटं पुढं जाऊन पडायचे, आणि पुन्हा शांत. मग दुसरीकडे तसंच. जणू वरून कुणीतरी फुंकर मारतंय. आणि खरंच तेच घडत असतं, वरचा वेगवान पाण्याचा एखादा गोळा खाली येऊन तळावर ओतला जातो. मामांचा तरणा गडी.

२ पास्कल ही सरासरी असते रे. वाळूला सरासरी कळत नाही, तिला त्या क्षणाचा धक्का कळतो. लॅमिनार प्रवाहात सरासरी आणि क्षण एकच, टर्ब्युलंटमध्ये नाही. तुमच्या सरांनी हे सांगितलं नसेल तर चारीवर जाऊन बस एकदा, ऊन खाली उतरल्यावर, म्हणजे पाण्यावर चमक येत नाही.

मस्कतकर

पाटकरीण ताईंनी कालव्याचं सांगितलं, मी तेलाचं सांगतो. इथं ओमानमध्ये क्रूडच्या पाइपलाइनवर आहे. आमच्याकडे मामांच्या गोष्टीचा एक विचित्र पुरावा रोज बघायला मिळतो.

तेलात अगदी लांब साखळीचं पॉलिमर सोडतात, दहा लाखांत काही भाग, इतकं थोडं की तेलाची व्हिस्कॉसिटी मोजली तर फरक जाणवत नाही. पण टर्ब्युलंट लाइनमधलं घर्षण एकदम उतरतं, त्याच पंपावर जास्त तेल जातं. हा परिणाम टॉम्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९४८ च्या सुमारास प्रसिद्ध केला, आणि अलास्काच्या मोठ्या पाइपलाइनमध्ये १९७९ पासून वापरात आला. गंमत अशी की तेच औषध लॅमिनार लाइनला घातलं तर काही म्हणजे काही होत नाही. कारण ते व्हिस्कॉसिटीला हात लावतच नाही, भिंतीजवळची अदलाबदल मंदावतं. दिंडीतल्या लोकांच्या हातात लांब दोर दिल्यासारखं, आडवं पळता येत नाही.

आणि या साखळ्या पंपात तुटतात, कारण तिथला शिअर भयंकर. म्हणून प्रत्येक पंपिंग स्टेशननंतर पुन्हा डोस द्यावा लागतो. दुकानदार खूश.

पाचट, विहिरीत हे टाकायच्या भानगडीत पडू नकोस. तुला औषध नको, पाइप बदल.

सरळरेषा

मामा, माझं चुकलं होतं हे मान्य. मी जीआयवरच काम केलंय आयुष्यभर, पीव्हीसीला तेच लावत आलो. पण एक विचारतो, पीव्हीसी जुनी झाल्यावर आत शेवाळ आणि क्षार बसतात, तेव्हा?

हायड्रॉलिक्सचे मामा

सरळरेषा, तेव्हा तुमचं बरोबर. क्षाराचा थर ०.०७ च्या वर डोकं काढू लागला की गुळगुळीतपणा संपला. शिवाय आतला व्यासही घटतो, आणि त्याचाही फटका बसतो. विहिरीचं पाणी क्षाराचं असेल तर लाइनचा एक तुकडा कापून बघितलेला बरा.

आणि हो, एक सांगायचं राहिलं. मी सगळे आकडे २० अंशांवर काढलेत. एप्रिलमध्ये आमच्या टाकीचं पाणी ३० अंशांवर जायचं आणि व्हिस्कॉसिटी वीस टक्क्यांनी उतरायची. पोरं चार्टमधला २० अंशांचा आकडा टाकायची आणि दोरा १,८५० लाच फुटला म्हणून यंत्राला नावं ठेवायची. पाचट, टाकीत आधी थर्मामीटर घाल.

पाचट

मामा, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून उरलेला हिशोब केला, चुकला असेल तर कान धरा.

साडेसात लिटरला भिंतीवरचा शिअर ७.८ पास्कल आणि घर्षणाचा हेड १३.७ मीटर. म्हणजे चढापेक्षा घर्षणच जास्त झालं. आधी पंपाला २१ मीटर मारायला लागत होते, आता जवळपास २६. आम्ही पाच एचपीला पैसे मोजले ते पाणी वर चढवायला कमी आणि त्या केसाएवढ्या थराला घासायला जास्त.

मग ९० एमएमचा पाइप घेऊन बघितलं, आतून ८५. सहा लिटरला घर्षण ९.२ वरून ३.७ मीटरवर आलं. नुसता १५ मिमीचा फरक! साडेसातला ५.४ मीटर. म्हणजे एकूण १७ ते १८ मीटर. पंपाची कार्यक्षमता तीच धरली तर जुनी ३ एचपीचीच मोटार त्या पाइपावर सात-साडेसात लिटर देऊ शकली असती, जे आज पाच एचपी देतेय. पंपाचा कर्व्ह (किती हेडला किती पाणी देतो तो आलेख) बघितल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही हे माहीत आहे.

आबांना सांगितलं. केस, दिंडी, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे मोटार न्हवं, पाइप बदलायचा व्हता." मी हो म्हणालो. "मग ह्ये मोटार घ्यायच्या आधी का न्हाई सांगितलंस?"

यावर कुणाकडे सूत्र आहे का?

हायड्रॉलिक्सचे मामा

हिशोब बरोबर आहे. आबांपुढं गप्प बस.

३०० मीटर एकदम बदलायला पैसे नसतील तर विहिरीकडचे १५० आधी बदल. घर्षण लांबीच्या प्रमाणात आहे, निम्मी लांबी बदललीस तर निम्मा फायदा मिळतो. जोडाला रिड्यूसर लांब उताराचा घे, आखूड नको. आणि झाल्यावर बॅरल लावून परत वेळ घे, सेकंद इथं लिही.